न फुटलेलं मडकं

वैशाख तोंडावर आला की बुधवारच्या बाजाराला गंगेच्या काठी मडकी उतरतात. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. काशीची गंगा आम्हाला लांब पडते. गाढवांच्या पाठीवरून, गवतात गुंडाळून, तांबडी, काळी, गळ्याशी पांढरी रेघ ओढलेली मडकी येतात आणि घाटाच्या पायऱ्यांपर्यंत त्यांच्या उतरंडी लागतात. बायका वाकून एकेक मडकं उचलतात, बोटाच्या पेरानं वाजवतात, कान लावून ऐकतात आणि नाक मुरडून खाली ठेवतात. शेजारी डांगरांचे, म्हणजे आमच्याकडच्या खरबुजांचे, ढीग, वाळ्याच्या जुड्या, आणि कोणीतरी कोरं मडकं भिजवून बघितलं की सगळ्या बाजारावरून सुटणारा तो वास. त्या वासाला जगात कोणी नावं ठेवत नाही. मी एकटाच नाकाला उपरणं लावून जातो.

परवा असाच मान खाली घालून चाललो होतो आणि थेट उतरंडीवरच जाऊन आदळलो. मडकं एकही फुटलं नाही. दोन्ही हात पुढे गेले आणि घरंगळणारी तीन मडकी मी पोटाशी धरली. कुंभारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “डोळं घरी ठिवून आलास का रं? पण झेललीस मात्र झ्याक!”

झेलणार नाही तर काय! मी तांबट. भांडं पडू द्यायचं नाही, हे माझ्या हातांना माझ्याआधी कळतं. एके काळी त्यांनी हेच जरा जास्त चांगलं केलं होतं.

तांबट आळीत मडक्याला मान नाही. आमचं भांडं फुटत नाही, त्याला पोचा येतो. आणि पोचा काढता येतो. सकाळपासून आळीत ठोक्यांचा असा काही गजर असतो की नवीन माणसाला वाटावं, इथे माणसं एकमेकांशी भांडत असूनही त्यांना ते ऐकू येत नाही. या गजरात माझा थोरला भाऊ, दादा, डोळे मिटून सांगायचा की तिसऱ्या घरच्या ऐरणीवर परात आहे की बंब. वडील लवकर गेले, तेव्हापासून हातोडी त्याच्याकडे आली. मला त्यानं शाळेत घातलं. पण सुट्टीत त्याच्या हाताखाली बसावं लागे, आणि माझ्या हातून काही खाली पडलं की तो वर न बघता म्हणे, “भांडं सोडायचं नसतं. टेकवायचं असतं.” लहानपणी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्या मानानं रामरक्षा फार कमी वेळा ऐकली असेल.

मी मॅट्रिक झालो की दादाचं लग्न करायचं, असा आईचा बेत होता. मी दोनदा आपटलो. म्हणजे परीक्षेला बसायचो मी आणि नापास व्हायचा दादा. दुसऱ्यांदा आपटल्यावर मी पंचवटीतल्या एका मठात जाऊ लागलो. तिथे एक वयस्क स्वामी चातुर्मासाला म्हणून आले होते आणि पुढेही राहिले होते. रोज दुपारी ते वेदान्त सांगत. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाला जग मिथ्या आहे हे पटायला फार अभ्यास लागत नाही. मला ते पहिल्याच दुपारी पटलं.

स्वामींचं सांगणं शांत होतं. आत्मा एकच, तो तूच, हे नवीन मिळवायचं नाही, फक्त ओळखायचं. पण मला आवडले ते त्यांचे दृष्टांत. अंधारात दोरीचा साप दिसतो, दिवा आणला की साप जातो. दागिने अनेक, सोनं एक. आणि सगळ्यांत लाडका घटाकाशाचा: मडक्यातलं आकाश वेगळं वाटतं, पण मडकं फुटलं की ते मोठ्या आकाशात मिळून जातं, मरण म्हणजे तेवढंच. मी हे खिशात घालून आळीत आणू लागलो. भिजलेलं मांजर घरात न्यावं तसं. आपल्याला ते गोजिरवाणं वाटतं, घरच्यांना नाही.

एकदा परसात आई ओरडली, “साप! साप!” मी प्रवचनातून नुकताच परतलो होतो. “आई, ती दोरी आहे. भ्रम आहे,” असं म्हणत मी पुढे झालो आणि शांतपणे ती उचलली. ती धामण होती. पुढचं मला नीट आठवत नाही. पण मी कौलांवर कसा पोचलो हे आळीत अजून सांगतात. दादा खाली उभा राहून पोट धरून हसत होता. “आचार्य,” तो मला आचार्यच म्हणायचा, “दोरीला साप समजणारे गावोगाव आहेत. सापाला दोरी समजणारा ज्ञानी आपल्या घरी निघाला!”

सोन्याच्या जागी मी तांबं घालून बघितलं. म्हटलं, दादा, घागर खोटी, पातेलं खोटं, तांबं तेवढं खरं. तो ठोके थांबवून म्हणाला, “असेल. पण गिऱ्हाईक तांबं घ्यायला येत नाही ना, घागर घ्यायला येतं.” आणि मग जरा वेळानं, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यांनी भरलेल्या समोरच्या दुकानाकडे बघत, “हल्ली तेही येत नाही.”

आईच्या पिण्याच्या पाण्याचं मडकं माझ्या कोपराचा धक्का लागून फुटलं, त्या दिवशी तर मी तिला पाटावर बसवून शिकवलं. मडकं फुटलं, आतलं आकाश फुटलं का? ते कुठे गेलं? मोठ्या आकाशात मिळालं. माणूस जातो तोही तसाच. आई फडक्यानं पाणी टिपत सगळं ऐकून घेत होती. ती नांदगावकडची, तिच्या बोलण्यात ‘नाय’ आणि ‘लय’ शेवटपर्यंत राहिले. “लय चांगलं सांगितलंस,” ती म्हणाली. “आता आज आकाशच पी.”

आम्ही तिघं हसलो. तिला ते कळलं नाही असं मी समजलो. माझ्या आयुष्यातल्या नापासांत हा तिसरा धरायला हरकत नाही.

पौषात दादा गेला. थंडी नाशिकला पडते तशी पडली होती. ऐरणीपुढे घाम यायचा आणि दाराबाहेर दात वाजायचे. खोकला झाला, ताप छातीत उतरला. काढे झाले, शेक झाले, डॉक्टर दोनदा येऊन गेले. शेवटच्या दुपारी त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काही सांगायचं असेल. मी मनात जुळवाजुळव करत होतो, आत्मा अमर आहे वगैरे. तो म्हणाला, “तिसऱ्या घरी कोण ठोकतंय? ठोका चुकतोय.” एवढंच. मी बाहेर जाऊन बघून आलो. परत आलो तेव्हा आई त्याचे पाय चोळत होती आणि ते चोळून उपयोग नव्हता.

त्याला मूल नाही, बायको नाही. मडकं माझ्या खांद्यावर आलं. हे ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चितेला अग्नी दिल्यावर पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायच्या. प्रत्येक फेरीला मागून कोणीतरी दगडानं त्याला भोक पाडतं. पाण्याची धार पाठीवरून, पोटऱ्यांवरून, टाचेवरून वाळूत जाते. पौषातलं पाणी. शेवटी उभं राहायचं, मडकं खांद्यावरून मागे टाकायचं, ते फुटायचं, आणि मागे वळून बघायचं नाही.

मी टाकलं. फुटल्याचा आवाज आला नाही.

आवाज येईना म्हणून मी वळून बघितलं; म्हणजे एक चूक होती तिच्या दोन झाल्या. मी ते मडकं फेकलंच नव्हतं. हातांनी ते कमरेपर्यंत उतरवून मागे वाळूवर अलगद टेकवलं होतं. ते उतारावरून डुलत डुलत घरंगळलं आणि डोहात गेलं. भोकांतून थोडे बुडबुडे आले. मग ते अख्खंच्या अख्खं खाली बसलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. गुरुजी म्हणाले, “असू द्या, असू द्या. गंगेनं घेतलं.” पण मागे कोणीतरी पुटपुटलंच, “तांबटाचा हात. टाक म्हटलं तरी टाकवेना.” दादाच्या हाताखाली मी जे काही शिकलो त्यातलं हे एकच पक्कं बसलं होतं, आणि ते मी नेमकं त्याच्याच मडक्यावर दाखवलं.

आळीत बातमी ठोक्यापेक्षा लवकर पोचते. आईनं मला काही विचारलं नाही. पण थोड्या दिवसांनी ती संध्याकाळी दादाच्या ऐरणीपाशी पाण्याचा तांब्या ठेवू लागली. सकाळी ते पाणी तुळशीला घालायची. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्रात गंगेचं पात्र आटून डोहांपुरतं उरलं, वाळूत डांगराचे वेल पसरले, आणि आळीतल्या बायका येऊन आईला आखितीची आठवण करून देऊ लागल्या. आखितीला, वैशाखातल्या तिजेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाची घागर भरतात. नव्या मडक्यात वाळ्याचं पाणी भरायचं, वर डांगर आणि आंबा ठेवायचा, त्याचं नाव घ्यायचं. त्या पाण्यावर त्याची वर्षाची तहान भागते. घागर भरली नाही तर तो तहानलेला राहतो.

आई म्हणाली, “घागर मेल्या माणसाची भरत्यात.”

बायका पदर सावरून उठल्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, “आई, असं काय बोलतेस?”

“तूच सांगितलं व्हतंस ना? मडकं फुटलं की आतलं मोठ्यात मिळतं.” ती तांदूळ निवडत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. “त्याचं फुटलं का? नाय फुटलं. मग तो कसा मिळंल? हाय तो. डोहात हाय, नायतर हितं ऐरणीपाशी हाय. त्याचं पाणी मी रोज ठेवती.”

तांबट आळीचा दृष्टांतबुवा तिच्यापुढे पाटावर बसला होता. त्या मडक्यात मीच तिला बसवलं होतं. मी सांगून बघितलं की आई, ते आकाशाचं मडकं वेगळं, स्मशानातलं वेगळं. ती म्हणाली, “मडकं ते मडकंच.” मग मी लाट आणि समुद्र काढला. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नव्हता. आम्ही दोघं काही वेळ एका न पाहिलेल्या समुद्राकडे बघत बसलो.

माझी पंचाईत वेगळीच होती. घागर भरली नाही तर दादा तहानलेला राहील, यावर माझ्या खिशातल्या सगळ्या वेदान्तासकट माझा विश्वास होता. आणि भरली तर आईच्या हातून तिचा मुलगा जाणार होता, या वेळी खरोखर. तिला दोन्ही कळत होतं. तोंडात घास घेऊन ती कितीतरी वेळ तशीच बसून राहायची.

शेवटी मी तिला मठात नेलं. प्रवचन संपून माणसं पांगली होती. स्वामी पोथी बांधत होते. आईनं लांबूनच डोकं टेकवलं आणि सरळ विचारलं, “महाराज, मडकं फुटलंच नाय तर आतलं आकाश कुठं असतं?”

स्वामींना तो कोणा विद्यार्थ्याचा प्रश्न वाटला असावा. ते खुशीनं हसले. “फार चांगलं विचारलंत. मडकं असतानाही ते मोठं आकाशच असतं, बाई. आत आणि बाहेर हे आपण म्हणतो. फुटण्यानं काही होत नाही, न फुटण्यानं काही होत नाही.”

“म्हंजे फुटलं काय, नाय फुटलं काय, सारखंच?”

“सारखंच.”

“मग माझा पोरगा व्हता काय, नव्हता काय, ते बी सारखंच?”

स्वामींचे हात पोथीच्या दोरीवर थांबले. मी मान खाली घातली. वर चिंचेत होले घुमत होते. मग स्वामी हळू आवाजात म्हणाले, “नाही. दृष्टांत एकाच अंगानं घ्यायचा असतो, बाई. होडीत बसून पलीकडे जायचं. पलीकडे गेल्यावर होडी डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही.”

“मी अजून अलीकडंच हाय, महाराज.”

“हो,” स्वामी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “मुलाचं नाव काय?”

“गणपत.”

“गणपत,” स्वामी म्हणाले. नाव आणि रूप खोटं, हे मला वर्षभर शिकवणाऱ्या माणसानं ते नाव असं उच्चारलं, जसं हातात काही तापलेलं दिलं जावं आणि ते खाली ठेवायला जागा सापडू नये. ज्या हातांना सोडायचं ठाऊक होतं असं मी समजत होतो, तेही टेकवायला जागा शोधत होते. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण पुढे मी कोणाचंही प्रवचन ऐकलं तरी मला ती दोरीवर थांबलेली बोटंच आठवतात आणि वाटतं, त्या दुपारी ते जे बोलले नाहीत तेवढंच मला पुरतं कळलं आहे.

परतताना आम्ही पात्रातूनच आलो. वाळू पायाला भाजत होती. दादाच्या डोहापाशी आई थांबली. पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं, तळ दिसत होता. मडकं नव्हतं. गाळ होता, चार शिंपले होते. “गाळात गेलं असेल,” मी म्हटलं. पदराचं टोक ओलं करून तिनं मानेला लावलं आणि चालू लागली.

तेव्हापासून मी एका गोष्टीवर फार विचार केला आहे. माझ्या विचाराची किंमत धामणीच्या वेळी सिद्ध झाली आहे, तेव्हा हवा तेवढाच घ्यावा. प्रवचनातलं मडकं नेहमी रिकामं असतं. त्यात आकाशाखेरीज काही नसतं, म्हणून ते फुटलं तर कोणाचं काही जात नाही. घरातलं मडकं भरलेलं असतं. ते फुटलं की आकाशाचं काय झालं हे कोणी बघत नाही. बाई आधी फडकं घेऊन धावते. आकाश आकाशात मिळतं, मान्य. पण त्या मडक्यातलं ते गार, थोडं मातकट पाणी जमिनीत जिरतं आणि मागता येत नाही. दृष्टांताला पाणी ठाऊकच नाही. ही त्याची चूक नव्हे. चूक त्याला घरी आणून त्याच्याकडे पाणी मागणाऱ्याची.

आणि ‘मी कोण’? हे स्वामी रोज विचारायला सांगत. मी विचारलं की मला आत्मा सापडत नाही. सापडतात हे दोन हात. मडकं खाली टेकवणारे. ते माझे म्हणावेत तर शिकवण दादाची. म्हणजे ‘मी’ धुंडायला जावं आणि आत दुसराच कोणी बसलेला निघावा. एकच आहे, दुसरा नाही, असं शास्त्र म्हणतं. माझं थोडं उलटं झालं आहे.

आखितीच्या सकाळी मी कोरं मडकं आणलं नाही. आणायचा धीरच झाला नाही. आई न्हाऊन आली, तडक दादाच्या कारखान्यात गेली आणि कोपऱ्यातली एक घागर उचलून घेऊन आली. ती दादानं शेवटची घडवायला घेतलेली. वरचा भाग आणि बुड दातांत दात घालून बसवलेले, पण सांध्याला डाख द्यायचा राहिलेला. डाख म्हणजे सांधा भरून टाकणारा तापलेला रस. तो दिल्याशिवाय तांब्याची घागर पाणी धरत नाही.

“आई, ती गळेल.”

“ठाव हाय.”

तिनं सारवलेल्या जागी गहू पसरले, त्यावर घागर ठेवली, वाळा टाकला आणि पाणी ओतलं. सांध्यातून पाणी झिरपलं, तांब्यावरून ओघळत गव्हात उतरलं, गव्हातून जमिनीवर. तिनं आणखी ओतलं. तेही गेलं. शेजारच्या काकू दारात आल्या, बघितलं, आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. “अहो, ही भरणार कशी?”

“नाय भरणार,” आई म्हणाली. “वतत राहीन. त्याला तहान लागायची नाय, आणि भरली बी नाय म्हणायची.”

सूर्य डोक्यावर येऊन कलेपर्यंत ती ओतत राहिली. मी आडावरून पाणी आणून देत होतो. दिवसभर आमच्या घरातून पाण्याचा एक पातळ ओहोळ उंबऱ्याखालून आळीत गेला. त्या दिवशी आळीत ठोके बंद होते. डांगर आणि आंबा तिनं घागरीच्या तोंडावर ठेवलाच नाही. तोंड मोकळं हवं होतं. नाव मात्र तिनं घेतलं. प्रत्येक तांब्याला.

पुढे दर आखितीला हेच झालं. आळीला त्याची सवय झाली. आळीला आमच्या घरच्या कशाचीही सवय होते. मी ऐरणीवर बसू लागलो. माझी घागर सपाट जमिनीवर ठेवली तरी कोणाला तरी नमस्कार करत असते, म्हणून गिऱ्हाईक तिला भाविक म्हणतं. तरी हळूहळू हात बसला. डाख तर मला बरा जमू लागला. माझा डाख दिलेला सांधा सुटल्याची तक्रार अजून आलेली नाही.

गेल्या कार्तिकात आई गेली. मडकं पुन्हा माझ्या खांद्यावर आलं. या वेळी सगळे माझ्या हातांकडेच बघत होते. गुरुजी कानात म्हणाले, “जोरात टाका हं.” मी दात आवळले आणि टाकलं. काय आवाज झाला! दगडावर पडलं, ठिकऱ्या उडाल्या. मागे कोणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला. मी वळून बघितलं नाही. आकाश आकाशात मिळालं. सगळं शास्त्राप्रमाणे झालं, दृष्टांतात कुठे खोट राहिली नाही. आणि घरी येईपर्यंत मला एवढंच वाटत राहिलं की ते मडकं मला टेकवायचं होतं.

परवा कुंभारणीची जी तीन मडकी मी झेलली, त्यातलं एक विकत घेऊन आलो. आई आता रीतसर गेलेली आहे, तिची घागर रीतीनं भरायला हवी. उद्या आखिती. मडकं भिजत घातलं आहे आणि त्या वासानं घर भरलं आहे. उपरणं नाकाला लावावंसं वाटलं नाही.

शेजारी दादाची घागर आणून ठेवली आहे. चिंचेनं घासली. ऊन पडलं की तिच्यावरचे त्याचे ठोके एकेक मोजता येतात, एकही चुकलेला नाही. उद्या ओतायला मी एकटा आणि आणून द्यायलाही मी एकटा. सकाळपासून आडाकडे किती खेपा होतील कोण जाणे. शेजारच्या काकू मघाशी बघून म्हणाल्या, “आता तरी डाख देऊन टाक रे. तुला येतो की.”

येतो. भट्टी पेटलेलीच आहे. घटकाभराचं काम आहे.

मी आडाचा दोर तपासून ठेवला.